शेगडी बंद, तरी गॅस चालूच! स्वयंपाकघरातून सुटणारा मिथेन शास्त्रज्ञांनी कसा मोजला?

शेगडीचं बटण फिरवलं, ज्योत विझली, म्हणजे गॅस बंद झाला असं आपण सगळेच धरून चालतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात ५३ घरांत जाऊन केलेल्या मोजणीत मात्र वेगळीच गोष्ट समोर आली. शेगडीतून न जळता थेट हवेत जाणाऱ्या मिथेन वायूपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त वायू शेगडी पूर्ण बंद असतानाच सुटत होता. घरातली माणसं झोपलेली, कामावर गेलेली, आणि शेगडीमागच्या पाइपाच्या जोडातून गॅस हळूहळू गळतोय. ना वास, ना आवाज.

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे एरिक लेबेल, रॉब जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मोजणी केली. तिचे निष्कर्ष जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. तिकडच्या घराघरात जमिनीखालच्या पाइपातून नैसर्गिक वायू येतो. आपल्याकडे मुंबई, ठाणे, रायगड, पुणे, नाशिक या भागांत हाच गॅस 'पाइप गॅस' म्हणून मीटर लावून घरात येतोय आणि लाइन हळूहळू पुढे सरकतेय. गावाकडच्या गोबर गॅसमध्येही जळणारा मुख्य वायू मिथेनच असतो. म्हणून कॅलिफोर्नियातली ही मोजणी समजून घेणं आपल्याही कामाचं आहे.

आधी एक गोंधळ दूर करू

सिलिंडरचा गॅस आणि पाइपाचा गॅस एकच नाही. आपल्या १४.२ किलोच्या लाल टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन हे वायू दाबाखाली द्रवरूपात भरलेले असतात. त्यात मिथेन नसतो. पाइपाने येणारा गॅस मात्र जवळजवळ सगळा मिथेनच. गोबर गॅसमध्ये साधारण निम्म्याहून थोडा जास्त मिथेन असतो, बाकीचा बहुतेक कार्बन डायऑक्साइड.

या फरकाचा जिवाशी संबंध आहे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर तो फरशीवर उतरतो, ओट्याखाली साचतो, मोरीत शिरतो. मिथेन हवेपेक्षा हलका, तो वर छताकडे जातो. त्यामुळे सिलिंडर असलेल्या घरात हवा जायला खालच्या बाजूला वाट हवी, तर पाइप गॅस किंवा गोबर गॅस असलेल्या घरात वर झरोका हवा. नवं घर बांधताना गवंड्याला हे सांगणारे फार थोडे.

एवढ्याशा गळतीची चिंता कशाला?

मिथेन जळला तर त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. न जळता तसाच हवेत गेला तर तो उष्णता धरून ठेवतो, आणि ती फार जोरात धरतो. २० वर्षांचा हिशेब केला तर एक किलो मिथेन हा सुमारे ८० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ करतो. यात दिलाशाची गोष्ट अशी की मिथेन हवेत फार काळ टिकत नाही, साधारण बारा वर्षांत त्याचा प्रभाव ओसरायला लागतो. म्हणजे आज गळती थांबवली तर त्याचा फायदा याच पिढीला दिसू शकतो. कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही, तो शेकडो वर्षं मागे राहतो.

आता कुणी म्हणेल, मिथेन तर आमच्या गोठ्यातही आहे. बरोबर आहे. एक दुभतं जनावर रवंथ करता करता वर्षाला अर्ध्या क्विंटलच्या आसपास मिथेन बाहेर टाकतं. कॅलिफोर्नियाच्या मोजणीवरून हिशेब केला तर एका अमेरिकी शेगडीची गळती वर्षाला सरासरी साडेसहाशे ग्रॅमच्या घरात येते. गाईपुढे शेगडी काहीच नाही! पण गाय दूध देते, शेण देते. गळणाऱ्या गॅसातून कुणालाच काही मिळत नाही. शिवाय अमेरिकेत अशा शेगड्या चार कोटींहून जास्त आहेत. सगळ्यांची बेरीज शास्त्रज्ञांनी वर्षाला सुमारे २८ हजार टन मिथेन इतकी काढली. २० वर्षांच्या हिशेबाने हवामानावर याचा परिणाम सुमारे पाच लाख मोटारींच्या वर्षभराच्या धुराइतका होतो.

जनावरं आणि भातशेतीतल्या मिथेनवरून जगात राजकारणही चालतं. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत शंभरावर देशांनी मिथेन कमी करण्याची शपथ घेतली, भारताने त्यावर सही केली नाही. इथल्या लहान शेतकऱ्याची जनावरं आणि भात हे त्याचं पोट आहे, चैन नाही, हा मुद्दा त्यामागे होता आणि तो रास्तच आहे. पाइपाच्या सैल जोडाची गोष्ट वेगळी. तिथे कुणाचं पोट अडलेलं नाही, पाना फिरवण्याचं तेवढं काम आहे.

नाकाला का कळत नाही?

मिथेनला स्वतःचा वास नसतो. गॅस कंपन्या त्यात मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळतात, सिलिंडरच्या गॅसातही असंच करतात. पण हा वास ठेवलाय स्फोट टाळण्यासाठी. मिथेन हवेत साधारण पाच टक्के झाला की ठिणगीने पेट घेऊ शकतो. अमेरिकेतला नियम असा की याच्या एक पंचमांशावर, म्हणजे हवेत एक टक्का गॅस झाला की माणसाला वास आलाच पाहिजे.

एक टक्का म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत दहा हजार भाग. मोकळ्या हवेत मिथेन असतो दहा लाखांत जेमतेम दोन भाग. दोन आणि दहा हजार यांच्यामधलं अंतर बघा! प्रत्यक्षात नाक नियमापेक्षा बरंच तिखट असतं, पुष्कळ आधी वास येतो. तरीही बारीक गळती नाकाला चुकवून जाते. बॉस्टन शहराच्या परिसरातल्या घरांचा गॅस तपासणाऱ्या संशोधकांनाही हेच आढळलं होतं. म्हणजे 'वास येत नाही, म्हणजे गळती नाही' हे वाक्य अर्धंच खरं. धोक्याची मोठी गळती नाही, एवढंच त्यावरून कळतं.

मोजणी कशी झाली?

नाक नाही तर मग काय? इथे प्रकाश कामाला येतो. प्रत्येक वायू प्रकाशातला ठराविक रंगच गिळतो. मिथेन गिळतो तो रंग अवरक्त आहे, डोळ्यांना न दिसणारा. मोजयंत्रात एका छोट्या नळीत हवा ओढली जाते आणि तिच्यातून नेमक्या त्याच रंगाचा लेझर सोडतात. नळीच्या दोन्ही टोकांना इतके चकचकीत आरसे असतात की तो किरण हजारो वेळा पुढे-मागे धावतो. हातभर नळीत प्रकाश किलोमीटरच्या किलोमीटर प्रवास करतो. वाटेत जितका मिथेन जास्त, तितका प्रकाश लवकर मंदावतो. त्या मंदावण्यावरून यंत्र काही सेकंदांतच आकडा सांगतं. दहा लाख भागांत एका भागाचा फरकही त्याला सहज कळतो.

पण हवेत मिथेन किती हे कळलं, तरी शेगडीतून किती सुटला हे लगेच कळत नाही. खिडकी उघडी असेल तर तो बाहेर पळून जातो. म्हणून संशोधकांनी स्वयंपाकघरालाच डबा बनवलं. दारं आणि मोकळ्या जागा प्लास्टिकच्या कापडाने चिकटवून बंद केल्या, आत पंखे लावले म्हणजे हवा सगळीकडे सारखी मिसळेल, आणि यंत्र सुरू ठेवलं. शेगडी बंद. मग पडद्यावरची रेघ बघत बसायचं. रेघ आडवीच राहिली तर गळती नाही. रेघ हळूहळू वर चढू लागली तर कुठून तरी मिथेन येतोय.

एक साधं गणित करून पाहू. समजा स्वयंपाकघर १० फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. त्यात सुमारे २८ हजार लीटर हवा मावते. वीस मिनिटांत तिथला मिथेन दहा लाख भागांत फक्त एका भागाने वाढला. एवढ्या हवेत दहा लाखांतला एक भाग म्हणजे २८ मिलिलीटर वायू, औषधाच्या छोट्या बाटलीत मावेल इतका. तासाला ८४ मिलिलीटर. दिवसाला दोन लीटर. वजनात सव्वा ग्रॅमच्या आसपास. पण जोड रात्रंदिवस गळतोय, सणावारालाही सुट्टी नाही. वर्षाअखेरीस हा आकडा अर्ध्या किलोच्या जवळ जातो. स्वयंपाक दिवसाचे दोन-तीन तास, गळती मात्र चोवीस तास. बंद शेगडीचा वाटा तीन चतुर्थांशावर का गेला, याचं उत्तर या हिशेबात आहे.

खोलीत हवा किती हे अचूक कळलं नाही तर सगळं गणित चुकतं. खरं स्वयंपाकघर काही रिकामा चौकोनी डबा नसतो, त्यात कपाटं, फ्रिज, भांडी असतात. फुटपट्टी लावून भागत नाही. अशा वेळी वापरायची युक्ती छान आहे: दुसराच एखादा वायू अगदी मोजून खोलीत सोडायचा, पंख्याने मिसळू द्यायचा आणि तो किती पातळ झाला ते यंत्राने पाहायचं. वाटीभर रंग हौदात टाकून पाण्याच्या फिकेपणावरून हौद केवढा ते ओळखावं, तसंच.

बंद शेगडीची मोजणी झाल्यावर शेगडी पेटवून मोजलं, मग पेटवण्याचा आणि विझवण्याचा क्षण वेगळा मोजला. बटण फिरवल्यापासून ज्योत धरेपर्यंत थोडा गॅस तसाच निसटतो, विझवतानाही निसटतो. एकदा पेटवून विझवण्यात जेवढा मिथेन सुटतो, तेवढा जळता बर्नर साधारण दहा मिनिटांत सोडतो, असं दिसून आलं. सगळं मिळून शेगडीने वापरलेल्या गॅसपैकी ०.८ ते १.३ टक्के गॅस न जळताच हवेत जात होता.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना पटणार नाही. शेगडी महागडी की स्वस्त, नवी की जुनी, याचा गळतीशी संबंध आढळला नाही. मोजलेल्या शेगड्या १८ कंपन्यांच्या होत्या, काही तीन वर्षांच्या, तर काही तीस वर्षांच्या. बंद असतानाच्या गळतीचं मूळ बरेचदा शेगडी आणि पाइप यांच्या मधल्या सैल जोडांत होतं. म्हणजे दुकानात किती पैसे मोजले यापेक्षा बसवणाऱ्याने जोड किती नीट आवळला, हे महत्त्वाचं ठरतं.

शेगडीच्या आधी घर आणि गिझर

ही मोजणी एकटी नाही. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या मार्क फिशर यांच्या गटाने ७५ घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी एकेक खोली न मोजता पूर्ण घरच मोजलं. घराच्या दारात मोठा पंखा बसवून आतली हवा बाहेर ओढली. बाहेरून आत येणाऱ्या हवेत मिथेन किती आणि पंख्यातून बाहेर पडणाऱ्या हवेत किती, यातला फरक म्हणजे घरातली गळती. घरगुती वापराच्या सुमारे अर्धा टक्का गॅस असा वाया जातो, असा त्यांचा अंदाज निघाला. २०२० मध्ये लेबेल यांच्याच गटाने ६४ गॅस वॉटर हीटर तपासले. टाकीत पाणी साठवणाऱ्या हीटरपेक्षा नळ सोडताच पेटणारे हीटर जास्त मिथेन सोडत होते, कारण ते दिवसातून अनेकदा पेटतात आणि विझतात.

आपल्याकडे न्हाणीघरात लागणारे गॅस गिझर याच दुसऱ्या जातीचे, नळ सोडला की पेटणारे. ते बहुतेक सिलिंडरवर चालतात, त्यामुळे मिथेनचा प्रश्न येत नाही. पण बंद न्हाणीघरात त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि माणूस बेशुद्ध होऊन दगावतो. हिवाळ्यात अशा बातम्या वाचायला मिळतात. गॅस गिझर न्हाणीघराच्या आत लावूच नये.

मीटरच्या अलीकडे घरात काय गळतं, याचा हिशेब अमेरिकेच्या सरकारी नोंदीतही बरीच वर्षं नव्हता. विहिरीपासून मीटरपर्यंतची गळती मोजली जायची, मीटरनंतरची ग्राहकाच्या घरात विसरली जायची. घराघरात जाऊन मोजल्याशिवाय हे उघड झालं नसतं.

हवेचा दुसरा प्रश्न

त्याच ५३ घरांत ज्योतीतून निघणारे नायट्रोजनचे वायूही मोजले गेले. हे वायू छातीला त्रास देतात, दम्याच्या माणसाला जास्त. लहान स्वयंपाकघरात, पंखा किंवा खिडकी नसताना, अमेरिकेने तासाभरासाठी ठरवलेली मर्यादा काही मिनिटांतच ओलांडली जाऊ शकते, असं दिसलं. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया आणि कोलोरॅडोतल्या ८७ घरांच्या दुसऱ्या अभ्यासात गॅसच्या ज्योतीतून बेन्झीनही निघतो हे सापडलं, आणि त्यात प्रोपेनवरच्या शेगड्याही होत्या. प्रोपेन म्हणजे आपल्या सिलिंडरातलाच एक वायू. तेव्हा सिलिंडरवाल्यांनीही निर्धास्त राहू नये.

याचा अर्थ गॅस सोडून पुन्हा चुलीकडे जा, असा कुणी काढू नये. लाकूड आणि गोवऱ्यांचा धूर यापेक्षा कितीतरी वाईट. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या आजी-मावशींचे डोळे आणि खोकला हे सांगायला पुरेसे आहेत. गॅस पेटवताना खिडकी उघडी ठेवावी, एवढाच याचा मतलब.

आपल्या घरात काय तपासता येईल?

लेझरचं यंत्र लाखोंच्या घरातलं, ते कुणी गावात आणणार नाही. साबणाचं पाणी मात्र प्रत्येकाकडे आहे. वाटीत साबणाचा दाट फेस करा आणि ब्रशने किंवा बोटाने जोडांवर लावा: रेग्युलेटर, नळीची दोन्ही टोकं, शेगडीची मागची बाजू, पाइप गॅस असेल तर कॉक आणि मीटरपासूनचे जोड. गॅस चालू ठेवा, बर्नर बंद ठेवा. बुडबुडे फुगू लागले तर तिथे गळतंय. काडी पेटवून गळती शोधायची जुनी सवय काही घरांत अजून आहे, ती कृपा करून मोडा.

अगदी बारीक गळती फेसालाही दाखवता येत नाही, हे खरं. पण ज्या सैल जोडांमधून सगळ्यात जास्त जातं, ते फेसात सापडतात.

सिलिंडरची नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तारीख नळीवरच छापलेली असते. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करावा. कॅलिफोर्नियातली गळती बंद शेगडीमागची होती, आणि मागचा कॉक बंद असेल तर त्याच्या पुढच्या जोडांत गॅस पोचतच नाही. पेटवताना लायटर आधी बर्नरजवळ धरा, मग बटण फिरवा. बटण फिरवून लायटर शोधत बसलं की तेवढा गॅस खोलीत गेलाच.

पाइप गॅस नव्याने येतोय अशा घरांसाठी एक सूचना. सिलिंडरची शेगडी तशीच पाइपाला जोडता येत नाही. दोन्ही गॅसचा दाब आणि जळण्याची ताकद वेगळी असल्याने बर्नरचा जेट बदलावा लागतो, पाइप गॅसला मोठं भोक लागतं. हे काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या. गावातल्या कुणी सुईने भोक मोठं करून दिलं तर पैसे वाचतील, पण गॅस नीट जळणार नाही. ज्योत निळी हवी. पिवळी पडून भांड्याचं बूड काळं होऊ लागलं की काहीतरी बिघडलंय.

गोबर गॅसवाल्यांनी जोडांबरोबर घुमटाकडेही बघावं. पक्क्या घुमटाला बारीक चीर गेली की मिथेन तिथून निघून जातो. 'पूर्वीसारखा गॅस येत नाही' अशी तक्रार असते आणि दोष थंडीला किंवा शेणाला दिला जातो. घुमटाचा उघडा भाग ओला करून साबणाचा फेस लावला की चीर दिसते. गॅस जास्त होतोय म्हणून कॉक उघडून तो हवेत सोडण्याची पद्धतही काही ठिकाणी आहे. तो गॅस जाळून टाकलेला बरा, पाणी तापवा, जनावरांचं आंबवण शिजवा. पाइपात पाणी साचून ज्योत फडफडत असेल तर पाणी काढायचा कॉक उघडून लगेच नीट बंद करावा. तो अर्धवट उघडा राहणं ही या संयंत्रातली नेहमीची गळती.

गॅसचा वास आलाच तर दिव्याचं बटण चालू-बंद दोन्ही करू नका, दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर किंवा मुख्य कॉक बंद करा आणि बाहेर या. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा देशभराचा मदत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. पाइप गॅसचा तातडीचा क्रमांक बिलावर छापलेला असतो, तो मीटरजवळच्या भिंतीवर लिहून ठेवावा.